रस्त्यात हात सोडायचा नाही

आमच्या केंद्रात मला तोंडावर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागं ‘आरटीओ बाई’. हे मला एका पेशंटच्या आईमुळं कळलं. फाटकाशी येऊन तिनं रखवालदाराला विचारलं, “खुर्चीचं लायसन देणाऱ्या आरटीओ बाई हितंच बसत्यात का?” रखवालदार ओशाळला. मी मात्र दिवसभर खूश होते.

नाव काही चुकीचं नव्हतं. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. आजारानं किंवा अपघातानं अधू झालेल्या माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत, हे बघणं आमचं काम. पण सोलापुरातल्या माझ्या नोकरीची शेवटची बरीच वर्षं एकाच गोष्टीत गेली. ज्यांचे पाय गेलेत आणि हातांतही फारसं बळ नाही, अशांना आमची संस्था बॅटरीवर चालणारी खुर्ची देते. ती देण्याआधी त्या माणसाला ती चालवायला शिकवायची, मग परीक्षा घ्यायची आणि कागदावर सही करायची. माझी सही नाही तर खुर्ची नाही.

लोकांना वाटतं, त्यात शिकायचं काय? हाताशी एक छोटी दांडी असते. ती पुढं ढकलली की खुर्ची पुढं जाते, डावीकडं कलवली की डावीकडं वळते, सोडली की थांबते. खरं आहे, एवढंच असतं. पोहणं म्हणजे तरी काय, हातपायच हलवायचे असतात.

सगळी गोम त्या ‘सोडली की थांबते’मध्ये आहे. या खुर्चीला वेगळा ब्रेक नसतो. हात सोडणं हाच ब्रेक. आणि घाबरलेला माणूस हातातली वस्तू सोडत नाही, आणखी घट्ट धरतो. उभी हयात बस चालवलेले एक काका माझ्याकडं शिकायला होते. समोर शेळी आली की जो पाय तीन वर्षांत हलला नव्हता, त्या पायानं ते ब्रेक दाबायला बघायचे आणि हातानं दांडी पुढंच रेटायचे. शेळी शहाणी होती म्हणून बरं. दुसऱ्या एका घरी दसऱ्याला खुर्चीची पूजा केली. हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली, इथपर्यंत ठीक. पण नारळ फोडून त्याचं पाणी भक्तिभावानं दांडीवरच ओतलं. खुर्ची पुढचे पंधरा दिवस दुरुस्तीत आणि पेशंट पुन्हा खाटेवर. तेव्हापासून मी सही करताना ‘पाणी चाकांना दाखवा, दांडीला नको’ हेही सांगू लागले.

असले किस्से पुष्कळ आहेत आणि चारचौघांत मी तेच सांगते. जे सांगत नाही, ते आज लिहायला बसले आहे.

आधी माझ्या कडकपणाबद्दल सांगते. मी पूर्वी अशी नव्हते. सुरुवातीच्या काळात एका कॉलेजच्या मुलाला मी पास केलं. पोरगा हुशार, खुर्ची सफाईनं चालवायचा. महिन्याभरात रस्त्यावरून जाताना त्याच्या खिशातला फोन वाजला. फोन काढायला त्यानं दांडी सोडली. खुर्ची जागच्या जागी थांबली, मागच्या टेम्पोला थांबता आलं नाही. पोरगा वाचला, पण कंबर मोडली आणि तो परत खुर्चीत बसला नाही. त्याचे वडील मला भेटायला आले, समोर बसले आणि उठून गेले. त्या दिवशी मी नियम केला. चालत्या रस्त्यात, कडेला न जाता, हात सोडला की नापास. मग कारण काहीही असो. माश्या हाकलायला सोडा, पदर सावरायला सोडा, नापास म्हणजे नापास.

आप्पा माझ्याकडं आले ते मार्गशीर्षात. करकंबचे गुरव. वय पन्नाशीच्या आसपास, कपाळाला भस्म, अंगात स्वच्छ पांढरा सदरा. बरोबर बायको सोजरबाई आणि मुलगा नागेश. नागेश चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. गावाहून पिकअपमध्ये गादी टाकून आप्पांना आणायचं आणि वाटेत चिंचोळीला नागेशनं चढायचं, असा त्यांचा बेत असे.

आप्पांना स्नायू झिजत जाण्याचा आजार होता. हा आजार मोठा चमत्कारिक. मांड्या आणि खांदे आधी जातात, बोटं खूप उशिरापर्यंत टिकतात. म्हणजे माणूस सुईत दोरा ओवू शकतो, पण नाकावरची माशी उडवू शकत नाही. खुर्ची चालवायला बोटं पुरतात, म्हणून आम्ही असल्या पेशंटला आनंदानं घेतो.

खुर्ची कशाला हवी, हा माझा पहिला प्रश्न ठरलेला. त्यावर बहुतेक लोक म्हणतात, संडासला आपलं आपण जाता यावं. एका गृहस्थांनी सांगितलं होतं, बायकोची कटकट सुरू झाली की अंगणात जाता यावं. आप्पा म्हणाले, “म्हादेवाफुडं जायचंय. हात जोडायला.”

“घरचे नेत नाहीत का?”

“नेत्यात की. गेल्या शिवरात्रीला चौघांनी उचलून नेलं. मागनं कुणी तरी म्हणालं, सरका सरका, आप्पाची पालखी आली. समदी हसली. मी बी हसलो.”

सोजरबाई खाली बघत म्हणाल्या, “घरी आल्यावर दोन दिस जेवले न्हाईत.”

गावाबाहेरच्या महादेवाची पूजा त्यांच्या भाऊबंदांतल्या तीन घरांकडं वर्षावर्षानं फिरत असे. ते वर्ष आप्पांच्या घराचं होतं. रोजची पूजा पुतण्या करायचा. पण शिवरात्रीला ज्या घराची पाळी, त्या घरच्या कर्त्यानं देवासमोर हात जोडल्याशिवाय पूजा पुरी झाली असं कोणी मानत नसे. पुढची पाळी यायला तीन वर्षं होती. आप्पा म्हणाले, “तीन वरसं ह्यो हात थांबायचा न्हाय, बाई. मला ठावं हाय.”

मी त्यांना हात उचलायला सांगितलं. डाव्या हाताची मांडीवर फक्त बोटं हलली. उजवा थरथरत, थांबत थांबत वर आला आणि अंगठा सदऱ्याच्या दुसऱ्या गुंडीला टेकला. तिथून तो पुढं जाईना.

“एवढाच येतो,” ते म्हणाले. “पन एवढा पुरे. त्याला एका हाताचं चालतंय.”

मी कागदावर लिहिलं, ‘उजवा हात छातीपर्यंत.’ शिवरात्रीला अडीच महिने होते. मला वाटलं, भरपूर वेळ आहे.

आप्पा तीन दिवस केंद्रातच राहिले आणि इतक्या पटकन शिकले की मीच थक्क झाले. जन्मभर फुलवाती वळलेली बोटं ती. दांडी अशी हलवायचे की खुर्ची चालतेय का तरंगतेय कळू नये. दारातून आत, मागं वळणं, उतारावर सरळ येणं, मी मधेच हात आडवा केला की थांबणं, सगळं बिनचूक. आमच्या शिकाऊ मुलींना मी म्हटलं, बघून घ्या, याला हात म्हणतात.

मग मी त्यांना रस्त्यावर काढलं. परीक्षेचा रस्ता ठरलेला होता. केंद्राच्या फाटकातून बाहेर, गल्लीच्या तोंडाशी लिंबाखाली एक छोटा मारुती, तिथून मोठ्या रस्त्याच्या कडेकडेनं शंभर पावलं आणि परत. कारखाने सुरू असले की त्या रस्त्यानं उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर जातात.

मारुती आला आणि आप्पांचा उजवा हात दांडीवरून उठून छातीशी गेला. खुर्ची गपकन थांबली, मागं ट्रॅक्टरवाला भोंगा वाजवू लागला.

त्या वेळी मला हसू आलं होतं, खोटं कशाला बोलू? देवळापुढून जाताना हात जोडायची सवय आपल्याकडं सगळ्यांनाच. स्कूटरवाले एक हात सोडतात, बसमधले खिडकीतून जोडतात. पण त्यांची गाडी त्यामुळं थांबत नाही. मी आप्पांना समजावलं, मनातल्या मनात जोडा, देवाला कळतं. ते म्हणाले, “व्हय, बाई.” त्या दिवशी नापासचा कागद केला आणि महिन्यानं बोलावलं. दोन परीक्षांत महिनाभराचं अंतर हा संस्थेचा नियम होता.

दुसरी परीक्षा संक्रांतीच्या दोन दिवस आधी झाली. आप्पा तयारीनं आले होते. मारुती दिसायला लागला तशी त्यांच्या मानेची शीर ताठली. देऊळ बरोबरीला आलं, हात दांडीवरच. देऊळ मागं पडलं, मी सुटकेचा श्वास टाकला. आणि चार पावलं पुढं गेल्यावर, आता मोठ्या रस्त्यावर, तो हात उठला. राहिलेलं देणं देऊन टाकावं तसा सावकाश छातीशी गेला आणि तिथंच राहिला. आप्पांनी डोळे मिटले होते. मी धावत मागं गेले, ट्रॅक्टरवाल्याला दोन्ही हातांनी थांब थांब केलं. ट्रॉली वीतभर अंतरावरून गेली.

मी घाबरले होते आणि घाबरले होते म्हणून चिडले.

“आप्पा, नापास.”

“म्या न्हाय उचलत, बाई. त्यो उठतो.”

नागेश मध्ये पडला. “मॅडम, देवाला हात जोडला म्हणून नापास?”

“देवाला जोडला म्हणून नाही. रस्त्यात सोडला म्हणून.” आणि मग आप्पांकडं वळून मी जे बोलले, ते मला आजही शब्दाला शब्द आठवतं. मी म्हटलं, “आपोआप उठणारा हात आणि खुर्ची, दोन्ही एकदम मिळणार नाही. काय हवं ते तुम्ही ठरवा.”

आम्ही केंद्रात परतलो. मी कपाटातून एक चिकटपट्टीचा पट्टा काढून सोजरबाईंना दिला. सरावाच्या वेळी मनगट खुर्चीच्या हातावर बांधायचं, म्हणजे हात जागेवर राहायची सवय लागते. सोजरबाईंनी तो पट्टा दोन्ही हातांनी घेतला आणि पदरात बांधला.

तिसरी परीक्षा शिवरात्रीच्या बारा दिवस आधी होती. आप्पा थोडे वाळलेले दिसले. खुर्चीत बसवल्यावर सोजरबाईंनी त्यांचा उजवा हात पदरानं पुसला आणि दांडीवर नेऊन ठेवला. नियमाप्रमाणं पेशंटनं आपला हात आपण दांडीवर ठेवायचा असतो. मी म्हटलं, “अहो, त्यांचं त्यांना करू द्या.” त्या म्हणाल्या, “हळद लागली हुती बाई, पुसत हुते.” मी मनात म्हटलं, या बायकांना नवऱ्याचं कौतुक जरा जास्तच. आणि सोडून दिलं.

आप्पा निघाले. मारुती आला. हात दांडीवर. मारुती मागं पडला, चार पावलं झाली, दहा झाली, हात दांडीवरच. मोठ्या रस्त्यावर ट्रॅक्टर गेला, आप्पा कडेकडेनं सरळ. परत येताना पुन्हा मारुती आला. त्यांनी नुसती मान वाकवली आणि पुढं आले. मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या, भर रस्त्यात. शिकाऊ मुलींना म्हटलं, बघा, जन्माची सवय माणूस महिन्यात सोडू शकतो, पट्ट्यानं काम केलं. त्या आनंदात हात उचलून दाखवा म्हणायचं मला सुचलंच नाही. पहिल्या दिवशीचा कागद फायलीत होताच, ‘उजवा हात छातीपर्यंत’. तोच खरा धरून मी सही केली.

आप्पा म्हणाले, “बाई, शिवरात्रीला तुमी यायचं.” तशीही खुर्ची दिल्यावर पंधरा दिवसांत घरी जाऊन बघायची पद्धत होती. मी कबूल केलं.

मोडनिंबवरून करकंबला पोचले तेव्हा ऊन चढलं होतं. देवळाबाहेर ही गर्दी, नारळ, बेल, पोरासोरांची पळापळ. मी सांगितलेल्या मापानं नागेशनं पायऱ्यांच्या बाजूला सिमेंटचा उतार बांधून घेतला होता, फूटभर उंचीला बारा फूट लांब. गवंडी म्हणाला होता म्हणे, एवढ्या लांबीत तर आणखी एक खोली होईल.

आप्पा घरून निघाले. नवं धोतर, नवा सदरा, खुर्चीला झेंडूचा हार. दांडी कोरडी आहे ना, तेवढं मी बघून घेतलं. वाटेतली माणसं बाजूला होत होती आणि या खेपेला कोणी पालखी म्हणालं नाही. कोणी ढकलत नव्हतं, कोणी उचलत नव्हतं. उतारावर त्यांनी खुर्ची सरळ घेतली, सभामंडपात आले, नंदीच्या मागं थांबले आणि मी शिकवलं होतं तसं आधी बटण बंद केलं. माझ्या नोकरीतला तो सगळ्यांत चांगला दिवस आहे असं वाटलं.

पुतण्यानं आत पिंडीवर बेल वाहिला. घंटा थांबली. सगळे आप्पांकडं बघू लागले. आप्पा पिंडीकडं बघत होते आणि त्यांचा हात दांडीवरच होता.

मला वाटलं, बिचारे माझ्या धाकानं बसलेत. मी मोठ्या मनानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, “आप्पा, आता गाडी बंद आहे. आता जोडा की हात, आता कोणी नापास करणार नाही.”

लोक हसले. आप्पाही हसले.

मग सोजरबाई पुढं आल्या. त्यांनी वाकून आप्पांची बोटं दांडीवरून एकेक करून सोडवली. उजवा हात उचलला, मांडीवरचा डावा उचलला, दोन्ही एकमेकांवर ठेवून छातीशी नेले आणि आपल्या दोन्ही हातांत धरून राहिल्या. मग कोणी तरी ‘हर हर महादेव’ म्हटलं. सोजरबाईंनी धरलेलं सोडलं तसे ते दोन्ही हात खाली पडले.

मला तेव्हा कळलं. इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या बाईला तेव्हा कळलं.

बाहेर झाडाखाली सोजरबाईंनी मला चहा दिला आणि सांगितलं. “संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तिळगूळ घ्यायला हात उचलाय गेले, तर हात वर येईना. मला वाटलं, पट्ट्यानं अवघडलाय. त्यो सोडून ठेवला, तेल लावलं. न्हाय उठला.”

“मला का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर गाडी दिली असती का?”

दिली असती. हाताखाली नवा आधार लावून, दांडी जवळ आणून, पुन्हा तपासून नक्की दिली असती. पण त्याला आणखी महिना लागला असता आणि शिवरात्र गेली असती. हे मी त्यांना सांगितलं नाही. पट्ट्याचं मात्र मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही संबंध नाही, आजाराची चालच तशी. मी दोन वेगळ्या डॉक्टरांना विचारलं, दोघांनी तेच सांगितलं. तरी तो पट्टा मी पुन्हा कोणाला दिला नाही.

निघताना मी आप्पांसमोर उभी राहिले. माझं तोंड बघून तेच म्हणाले, “वाईट नका वाटून घिऊ, बाई. शेवटचा त्यो तुमच्या मारुतीफुडं उठला बगा. तुमी त्या ट्रॅक्टरवाल्याला थांब थांब करत हुता, तवा. मला त्याच वक्ताला कळलं हुतं, ह्यो आता परत उठत न्हाय. म्हनून तर जरा येळ धरून ठिवला.”

आप्पांनी खुर्ची पुढं दीड वर्ष चालवली. रोज सकाळी देवळात आणि परत. मग बोटंही गेली. चालवणं थांबलं की खुर्चीची दांडी काढायला केंद्रातून कोणाला तरी जावं लागतं, मी दुसऱ्या कोणाला पाठवलं नाही. त्यांची पुढची पाळी यायच्या आधी ते गेले.

आता मी निवृत्त आहे. परीक्षेच्या रस्त्यात मी नोकरी सोडण्यापूर्वी एक बदल करून घेतला. मारुती आला की खुर्ची कडेला घ्यायची, बटण बंद करायचं, ज्याला जे करायचं ते करू द्यायचं आणि मग पुढं जायचं. त्याला मिनिटभरही लागत नाही. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं, आप्पांवर हसण्याआधी. नियम तर तसाच राहिला असता.

करकंबहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मी आप्पांची फाईल काढली होती. दुसऱ्या परीक्षेचा कागद लाल शाईत होता. चिडलेली असले की मी दाबून लिहिते, अक्षरं मागच्या बाजूला उमटली होती. ‘मारुतीनंतर उजवा हात उचलला. छातीशी धरून ठेवला. डोळे मिटले. सांगूनही खाली घेतला नाही. नापास.’ खाली माझी सही.